पक्षाघातानंतर मुलाचा हात

(ग्रामपंचायत सदस्य, शिक्षक व अंगणवाडी कार्यकर्त्या यांच्यासमोर झालेल्या भाषणाचा मजकूर)

लकवा किंवा अर्धांगवायू हा उतारवयातील आजार आहे, अशी आपल्याकडे सर्वसाधारण समजूत आहे. ज्याने संसार केला, कष्ट उपसले, ज्याचा रक्तदाब वाढला, अशा माणसाच्या वाट्याला तो येतो असे मानले जाते. त्यामुळे तीन वर्षांच्या मुलाला लकवा झाला असे कोणी सांगितले, तर ऐकणाऱ्याला ते खरे वाटत नाही. प्रत्यक्षात हा आजार शाळकरी मुलांना होतो, रांगत्या बाळांना होतो, आणि पुष्कळदा तर तो मूल आईच्या पोटात असताना किंवा जन्मानंतरच्या पहिल्या चार आठवड्यांतच होऊन गेलेला असतो. जन्माच्या आगेमागे होणाऱ्या या पक्षाघाताचे प्रमाण, निरनिराळ्या देशांतील पाहण्यांनुसार, साधारणतः एक हजार ते पाच हजार जिवंत जन्मांमागे एक असे आढळते. म्हणजे ज्या तालुक्यात वर्षाला काही हजार बाळे जन्मतात, तेथे असे एखाददुसरे मूल दरवर्षी जन्मत असले पाहिजे. ते कोणाच्या नोंदीत दिसत नसेल, तर ते ओळखले गेलेले नाही असाच त्याचा अर्थ घ्यावा लागेल.

येथे शब्दांचा एक घोटाळा आधीच दूर केलेला बरा. मराठीत ‘बालपक्षाघात’ हा शब्द पोलिओसाठी रूढ झाला. पोलिओचा विषाणू पाठीच्या कण्यातील मज्जारज्जूमधील पेशी नष्ट करतो. त्याने पाय किंवा हात लुळा पडतो. भारत २०१४ च्या मार्चमध्ये पोलिओमुक्त घोषित झाला. प्रस्तुत भाषणाचा विषय असलेला पक्षाघात याहून वेगळा आहे. यात मेंदूला रक्त पुरवणारी वाहिनी गुठळीने बंद होते किंवा फुटते, मेंदूचा तेवढा भाग मरतो, आणि मेंदूच्या डाव्या भागाला इजा झाली असेल तर शरीराची उजवी बाजू, उजव्या भागाला झाली असेल तर डावी बाजू अशक्त होते. पोलिओने लुळा पडलेला अवयव सैल असतो. मेंदूच्या आघाताने अशक्त झालेला हात मात्र हळूहळू ताठरतो. कोपरात वाकतो, मनगट खाली झुकते, अंगठा तळव्यात मिटून जातो.

मुलांमध्ये हा आघात का होतो, याची कारणे मोठ्यांपेक्षा निराळी आहेत. जन्मजात हृदयविकार, मेंदूज्वर (त्यातही क्षयाच्या जंतूंमुळे होणारा), कांजिण्यांनंतर मेंदूतील रक्तवाहिनीला येणारी सूज, जुलाब-उलट्यांनी शरीरातील पाणी आटल्यामुळे होणाऱ्या गुठळ्या, ही त्यांपैकी काही होत. पाळण्यातून किंवा खाटेवरून पडण्यासारख्या किरकोळ दिसणाऱ्या मारानंतरही काही तान्ह्या बाळांना लकवा झाल्याचे भारतीय डॉक्टरांनी नोंदविले आहे. महाराष्ट्राच्या दृष्टीने आणखी एक कारण विशेष महत्त्वाचे आहे, ते म्हणजे सिकलसेल. नंदुरबार, गडचिरोली, चंद्रपूर आणि मेळघाट या भागांतील आदिवासी समाजात, तसेच विदर्भातील अन्य काही समाजांतही हा आनुवंशिक रक्तविकार आढळतो. या विकारातील विळ्याच्या आकाराच्या तांबड्या पेशी रक्तवाहिन्यांत अडकतात, आणि ती वाहिनी मेंदूची असेल तर मुलाला लकवा होतो. धोका असलेली मुले सोनोग्राफीच्या एका प्रकाराने आधीच ओळखता येतात, आणि त्यांना नियमित रक्त दिल्यास पहिला झटका बहुतांशी टाळता येतो, हे १९९८ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या चाचणीने दाखवून दिले. केंद्र सरकारने १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातील शहडोल येथून सिकलसेल निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम सुरू केली आहे. तिच्यातील रक्ततपासणीचा एक हेतू असा लकवा टाळणे हाही मानावयास हवा.

एखाद्या मुलाचे तोंड एकाएकी वाकडे झाले, बोलणे अडखळले, एका बाजूचा हातपाय गळाला, तर घटकाभरही वाट न पाहता १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलवावी. ‘वारे गेले’ म्हणून तेल चोळत बसण्यात पहिले मोलाचे तास निघून जातात. या तातडीच्या उपचारांविषयी अधिक बोलण्याचे हे ठिकाण नव्हे. येथे प्रश्न आहे तो त्यानंतरचा. मूल वाचले, घरी आले, चालूही लागले. परंतु त्याचा एक हात मागे राहिला. त्या हाताचे पुढे काय होते?

जन्माच्या वेळीच आघात झालेल्या मुलाची गोष्ट अधिक अवघड, कारण त्याला ‘झटका’ आल्याचे कोणीच पाहिलेले नसते. पहिले काही महिने बाळ इतर बाळांसारखेच दिसते. चौथ्या-पाचव्या महिन्यात खुळखुळा दाखवला, की ते दर वेळी एकच हात पुढे करते. दुसऱ्या हाताची मूठ मिटलेली राहते. घरातील वडीलधारी मंडळी कौतुकाने म्हणतात, पोरगा डावखुरा होणार. ही कौतुकाची बाब नाही. निरोगी मूल पहिल्या वर्षात दोन्ही हात जवळजवळ सारखेच वापरते. कोणता हात जास्त सराईत, हे पुढे ठरते. वर्षाच्या आत मूल ठामपणे एकाच हाताचे झाले असेल, तर दुसऱ्या हातात काही उणीव आहे असे समजून त्याची तपासणी झालीच पाहिजे. या एका खुणेसाठी कोणतेही यंत्र लागत नाही. वजन घेताना अंगणवाडी सेविकेने बाळाच्या समोर मधोमध एखादी वस्तू धरावी आणि ते कोणता हात उचलते हे दोन-तीन वेळा पाहावे, एवढे पुरे आहे.

लवकर ओळखण्याचा एवढा आग्रह का, याचे कारण मेंदूच्या घडणीत आहे. नवजात बाळाच्या मेंदूचा प्रत्येक अर्धा भाग दोन्ही हातांकडे तंतू पाठवीत असतो. पुढील महिन्यांत या तंतूंमध्ये जणू जागेसाठी स्पर्धा लागते. ज्यांना काम मिळते ते टिकतात, ज्यांना मिळत नाही ते मागे सरतात. इजा झालेल्या भागातून येणारे तंतू आधीच दुबळे असतात. हात वापरलाच गेला नाही तर तेही हटतात आणि जागा दुसऱ्या बाजूला मिळते. इंग्लंडमधील न्यूकॅसल येथे जेनेट आयर यांनी या विषयावर दीर्घकाळ संशोधन केले. त्यातून निघणारा व्यावहारिक अर्थ असा, की बाळाच्या हाताला या काळात काम मिळणे हाच त्याच्यावरील उपचार होय.

आता पाय आणि हात यांतील फरक पाहा. एका बाजूला लकवा झालेली बहुतेक मुले दोन वर्षांच्या आसपास चालू लागतात. चालण्यासाठी दोन पाय लागतातच, त्यामुळे अशक्त पायाला रोज शेकडो वेळा काम करावे लागते. हाताचे तसे नाही. एका हाताने जेवता येते, खडू धरता येतो, दार उघडता येते. चांगला हात इतका तत्पर असतो, की अशक्त हातावर पाळीच येत नाही. मूल त्याने काही करू पाहते, वस्तू पडते, भावंडे हसतात किंवा आई चटकन पुढे होते, आणि मूल त्या हाताचा नाद सोडते. पुढे हातात थोडी ताकद आली तरी मूल तो वापरत नाही, कारण तो आपला आहे हेच जणू ते विसरलेले असते. वैद्यकशास्त्रात याला ‘शिकलेला अवापर’ अशा अर्थाची संज्ञा आहे. हे मुलाचे दुर्लक्ष किंवा आळस नव्हे. त्याने अनुभवातून घेतलेला तो धडा आहे. आणि शिकलेला धडा पालटता येतो.

हा विचार मांडणारे अमेरिकन शास्त्रज्ञ एडवर्ड टॉब यांनी तो माकडांवरील प्रयोगांतून मांडला. माकडाच्या एका हाताच्या संवेदनेच्या नसा तोडल्या, की ते तो हात वापरणे सोडून देई. परंतु चांगला हात बांधून ठेवला, की तोच निकामी समजलेला हात अन्नाकडे पुढे येई. मेरिलँडमधील सिल्व्हर स्प्रिंग येथील त्यांची प्रयोगशाळा १९८१ साली प्राण्यांच्या छळाच्या आरोपावरून गाजली, खटला झाला, आणि पुढे अमेरिकेत प्रयोगशाळेतील प्राण्यांविषयीचे कायदे कडक झाले. तो वाद आजही मिटलेला नाही, आणि त्या माकडांच्या हालांकडे डोळेझाक करण्याचे कारणही नाही. तथापि त्यातून निघालेली उपचारपद्धती टॉब यांनी पुढे अलाबामा विद्यापीठाच्या बर्मिंगहॅम येथील केंद्रात प्रथम प्रौढांसाठी व नंतर मुलांसाठी विकसित केली. २००४ साली त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी १८ मुलांवरील अभ्यास प्रसिद्ध केला. त्यातील उपचार घेणाऱ्या मुलांच्या चांगल्या हातावर हलके प्लॅस्टरसारखे आवरण चढवून अशक्त हाताकडून सलग २१ दिवस, दररोज ६ तास खेळ व कामे करून घेण्यात आली. नेहमीचे उपचार घेणाऱ्या मुलांपेक्षा या मुलांच्या हातात स्पष्ट सुधारणा दिसली.

दिवसाला ६ तास आणि हात प्लॅस्टरमध्ये, हे ऐकून कोणाच्याही अंगावर काटा येईल. स्वीडनमधील ॲन-क्रिस्टिन एलियासन यांनाही ही पद्धत लहान मुलांसाठी फार कडक वाटली असावी. त्यांनी प्लॅस्टरऐवजी मऊ हातमोजा वापरला आणि दिवसाला फक्त २ तास, पण दोन महिने, घरी व बालवाडीत आईवडील आणि शिक्षक यांच्याकरवी खेळ घेतले. तेथेही मुलांचा हात सुधारला. न्यूयॉर्क येथे अँड्र्यू गॉर्डन यांनी तर वेगळाच प्रश्न विचारला. आयुष्यात माणसाला एकट्या अशक्त हाताने काम करायचे नसते, दोन्ही हातांनी मिळून करायचे असते. मग चांगला हात बांधायचाच कशाला? त्यांनी ४२ मुलांचे दोन गट केले. एका गटाचा चांगला हात आवरला, दुसऱ्याला दोन हातांशिवाय होणारच नाहीत असे खेळ दिले. दोघांनाही १५ दिवसांत ९० तास. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षात दोन्ही गटांची सुधारणा जवळजवळ सारखी होती. ऑस्ट्रेलियात त्याच सुमारास ६३ मुलांना सर्कशीच्या खेळांवर बेतलेल्या शिबिरांत दोन आठवड्यांत ६० तास सराव दिला गेला आणि तेथेही दोन्ही पद्धती उपयुक्त ठरल्या.

या सर्व प्रयोगांत हात बांधणे ही गोष्ट डोळ्यांत भरते, परंतु ती मुख्य नाही. मुख्य गोष्ट ही, की मुलाने स्वतः, स्वतःच्या इच्छेने, काहीतरी साधण्यासाठी तो हात शेकडो वेळा वापरला, आणि काम जमू लागले की ते थोडे अवघड केले गेले. याउलट आपल्याकडे सर्वांत जास्त वेळ आणि पैसा कशावर जातो, तर मालिशवर. रोज सकाळी हाताला तेल चोळले जाते, बोटे ओढून सरळ केली जातात, मूल रडते. मायेच्या स्पर्शाने मुलाला बरे वाटत असेल, त्याला हरकत नाही. पण दुसऱ्याने हलवलेला हात काही शिकत नाही. मेंदूला शिकावयाचे असते ते हात हलवण्याचा निर्णय घेताना, चुकताना आणि सुधारताना. त्याचप्रमाणे रात्री मनगटाला लावलेली पट्टी किंवा स्नायूंचा ताठरपणा उतरवणारे बोटुलिनमचे इंजेक्शन यांचा काही मुलांना उपयोग होतो, पण तो सरावाला जोड म्हणून. नुसत्या इंजेक्शनने कोणाचा हात कामाला लागत नाही.

अपेक्षा काय ठेवावी, याचीही स्पष्टता हवी. आघाताने गेलेला मेंदूचा भाग परत येत नाही, आणि अशक्त हात दुसऱ्यासारखा होईल असे कोणी सांगत असेल तर ते खोटे आश्वासन होय. साध्य आहे ते असे, की तो हात चांगला मदतनीस व्हावा. एका हाताने वही दाबून धरली की दुसऱ्याने लिहिता येते. एकाने डबा धरला की दुसऱ्याने झाकण उघडते. स्टॉकहोम येथे २००३ च्या सुमारास तयार झालेली एक मोजपट्टी नेमके हेच मोजते: खेळताना अशक्त हात स्वतःहून मदतीला किती येतो. ही अपेक्षा लहान वाटेल. पण ज्या मुलाला स्वतःची चड्डी वर ओढता येत नाही म्हणून शाळेत जाण्याची लाज वाटते, त्याच्या दृष्टीने ती लहान नाही.

महाराष्ट्राला या विद्येची परंपरा आहे. हाताकडून उद्देशपूर्ण काम करवून त्यालाच उपचार मानणारे शास्त्र म्हणजे व्यवसायोपचार. अमेरिकेत जन्मून विवाहाने महाराष्ट्राच्या झालेल्या कमला निंबकर यांनी मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात १९५० साली भारतातील पहिली व्यवसायोपचार शाळा सुरू केली. १९५५ मध्ये हाजीअली येथे अखिल भारतीय पातळीवरील पुनर्वसन संस्था उभी राहिली. आज व्यवसायोपचार आणि भौतिकोपचार यांची राज्य परिषद आहे, महाविद्यालये आहेत. तरीही अक्कलकुव्याच्या किंवा भामरागडच्या मुलाला रोज ६ तास तज्ज्ञ मिळेल, असे कोणीही म्हणणार नाही. तज्ज्ञ शहरात आणि मूल पाड्यावर, ही वस्तुस्थिती आहे.

म्हणूनच ऑस्ट्रेलियातील आयोना नोव्हाक यांचा २००९ चा अभ्यास ग्रामीण भागाच्या दृष्टीने अधिक बोलका आहे. त्यात तज्ज्ञाने कुटुंबाशी बसून मुलाला काय जमायला हवे हे ठरवले, घरी करावयाच्या गोष्टी शिकवल्या, आणि घरच्यांनी त्या महिन्यातून सरासरी सतराएक वेळा, दर वेळी सोळा-सतरा मिनिटे केल्या. आठ आठवड्यांत मुलांमध्ये फरक दिसला. येथे लागली ती तज्ज्ञाची अधूनमधूनची भेट आणि घरातील एका माणसाची चिकाटी.

आणि खेळ-कामांच्या बाबतीत मराठी घर काही गरीब नाही. भुईमुगाच्या शेंगा फोडणे किंवा मटार सोलणे हे दोन हातांचे काम आहे. अशक्त हाताने शेंग धरायची, चांगल्याने फोडायची. सुरुवातीला मोठी, वाळलेली शेंग द्यावी, नंतर लहान. आई भाकरी थापत असताना पिठाचा एक गोळा मुलाच्या वाट्याला यावा, आणि त्याने तो दोन्ही तळव्यांत दाबावा. अशक्त हाताचा तळवा उघडण्यासाठी याहून चांगला व्यायाम विकत मिळत नाही. भोवऱ्याला दोरी गुंडाळताना एका हातात भोवरा स्थिर धरावाच लागतो. मोठा चेंडू झेलणे, परातीत पाणी घेऊन दोन्ही हातांनी उचलणे, बाहुलीला कपडे चढवणे, लगोरी रचताना एका हाताने खालच्या ठिकऱ्या सावरणे. शाळेत तर लेझीम आहे. लेझीम एका हाताने वाजतच नाही. एका हातात दांडा आणि दुसऱ्या हातात साखळीची मूठ धरावी लागते. ज्या मुलाला ‘तू बस, तुला जमणार नाही’ म्हणून कवायतीच्या वेळी झाडाखाली बसवले जाते, त्याच्या उपचाराचे साधन त्याच वेळी समोरच्या मैदानावर वाजत असते. मूठ टिकत नसेल तर तिला जाड कापड गुंडाळावे, ठेका संथ ठेवावा, पहिल्या महिन्यात चार हात जमले तरी चालतील.

या कामात सर्वांत मोठा अडसर दारिद्र्याचा नसून दयेचा आहे, हे थोडे कठोर वाटले तरी म्हणावे लागेल. सदऱ्याची बटणे लावायला मुलाला दहा मिनिटे लागतात. आई ती अर्ध्या मिनिटात लावते. शाळेची घंटा झालेली असते, तिचाही इलाज नसतो. मग निदान सुटीच्या दिवशी तरी मुलाला ती दहा मिनिटे द्यावीत. आजी घास भरवते, भाऊ दप्तर उचलतो, गुरुजी वहीला स्वतः कव्हर घालून देतात, आणि या सर्व मायेच्या कामांतून मुलाचा हात दिवसेंदिवस बेकार होत जातो.

दुसरा अडसर उजव्या-डाव्याचा. उजव्या बाजूला लकवा झालेले मूल डाव्या हाताने जेवते आणि लिहिते. त्याला दुसरा मार्ग नसतो. पंगतीत किंवा प्रसाद घेताना त्याला यावरून बोल लावणे क्रूरपणाचे आहे. लिहिण्यासाठी सराईत हातच वापरू द्यावा आणि अशक्त हाताकडे वही धरण्याचे काम द्यावे. याच्या उलट टोकाची चूक म्हणजे कोठेतरी ऐकून वर्गात मुलाचा चांगला हात बांधून ठेवणे. असे कोणीही करू नये. हात आवरण्याचा उपचार तज्ज्ञाच्या देखरेखीखाली, ठरावीक वेळ, खेळातच व्हावयाचा असतो. त्याची शिक्षा झाली, की मूल त्या हाताचा द्वेष करू लागते. आणखी एक सावधगिरी चुलीजवळची: अशक्त हाताला पुष्कळदा स्पर्श आणि उष्णता नीट कळत नाही. भाजल्याचे त्या मुलाच्या उशिरा लक्षात येते.

शासनाची जी व्यवस्था आहे, तिचा या मुलांसाठी पुरेपूर उपयोग करून घेतला जात नाही. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ साली सुरू झाला. त्याची पथके अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा १८ वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी करतात, आणि गरज असलेल्या मुलांना जिल्ह्याच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे पाठवतात. तेथील सेवा मोफत आहे. परंतु पथक येते त्या दिवशी हे मूल बहुधा गैरहजर असते, कारण घरचे त्याला लपवतात. त्याला त्या दिवशी आणणे हे काम ग्रामपंचायत सदस्य आणि आशा करू शकतात. चिठ्ठी मिळाल्यावर पुढचा अडथळा एस.टी.च्या भाड्याचा आणि आईच्या बुडणाऱ्या मजुरीचा असतो. ग्रामपंचायतींनी आपल्या स्वउत्पन्नाचा ५ टक्के भाग दिव्यांगांसाठी खर्च करावयाचा आहे. तो वर्षाअखेरीस वस्तुवाटपात संपवून टाकण्याची पद्धत अनेक ठिकाणी पडली आहे. त्यातून एका मुलाच्या जिल्ह्याच्या ठिकाणच्या फेऱ्यांची सोय होत असेल, तर सभेने तसा प्रस्ताव नियमांच्या चौकटीत बसवून घेण्याचा प्रयत्न अवश्य करावा.

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात मेंदूचा पक्षाघात आणि सिकलसेल या दोहोंचा समावेश आहे. ४० टक्के व त्याहून अधिक दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र असलेल्या मुलाला ६ ते १८ वर्षांपर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क आहे. पात्र विद्यार्थ्याला राज्य मंडळाच्या दहावी-बारावीच्या परीक्षांत दर तासाला २० मिनिटे जादा वेळ आणि आवश्यक तेथे लेखनिक मिळू शकतो. यासाठीचा अर्ज मुख्याध्यापकांमार्फत जातो आणि त्याला वैद्यकीय प्रमाणपत्र जोडावे लागते. ते प्रमाणपत्र मिळण्यास वेळ लागत असल्याने दहावीचा फॉर्म भरण्याची वेळ येईपर्यंत न थांबता, मूल आठवीत असतानाच मुख्याध्यापकांनी ही कागदपत्रे हाती घ्यावीत.